साडेचारची वखवख

‘गोड सुटत नाही, पोळी-भात सुटत नाही, म्हणून वजन हलत नाही’ या तक्रारीवर प्रश्न मागवले होते. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी समोर येत राहिली. घसरण्याची वेळ बहुतेकांची एकच आहे, दुपारी चार ते संध्याकाळी सहा. म्हणून त्याच पत्रापासून सुरुवात करते.

प्रश्न : वय ४४, वजन ७८ किलो. डोंबिवलीहून रोज फोर्टला नोकरीला जाते. सकाळी सहाला चहा आणि दोन बिस्किटं, मग लोकल, एक वाजता डबा (तीन पोळ्या, भाजी). तोपर्यंत निग्रह शाबूत असतो. साडेचारला कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक, नाहीतर चहा-खारी. परत येताना स्टेशनबाहेर वडापाव. मग स्वतःवरच चिडून रात्री जेवत नाही. मनावर ताबा कसा मिळवू?

उत्तर : मनाला तूर्त बाजूला ठेवू. तुमचा दिवस मी कागदावर मांडून पाहिला. सकाळी सहापासून दुपारी एकपर्यंत, सात तासांत, पोटात गेलं ते साखर, मैदा आणि घोटभर दूध. डब्यातली भाजी बहुधा कोबी, बटाटा नाहीतर भेंडी. म्हणजे साडेचारपर्यंत प्रथिनं झाली जेमतेम पंधरा ग्रॅम. तुम्हाला दिवसाला लागतात साठच्या आसपास. त्यात आदल्या रात्रीचं जेवण चुकवलेलं. एवढी उधारी साचल्यावर शरीर वसुलीला येणारच, आणि येतं तेव्हा सगळ्यात लवकर वटणारी नोट मागतं. ती म्हणजे साखर.

आपल्याकडे म्हण आहे, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. खऱ्या भुकेला काहीही चालतं. साडेचारला स्वतःला विचारा, आत्ता कुणी भाकरी आणि मेथीची भाजी पुढे ठेवली तर खाईन का? ‘हो’ आलं तर ती भूक. ‘नको, केकच हवा’ आलं तर ती तल्लफ. पैज लावते, तुमचं उत्तर बहुतेक दिवशी ‘हो’ येईल. तुम्ही भुकेलाच तल्लफ समजून तिच्याशी भांडताय.

आता बदल. सकाळी सहाला खाववत नसेल तर खाऊ नका, पण ऑफिसला पोचल्यावर जागेवर बसण्याआधी दोन उकडलेली अंडी किंवा मुगाची दोन धिरडी खा. पीठ रात्रीच वाटून ठेवता येतं. डब्यात दोन पोळ्या, भाजी आणि वेगळ्या छोट्या डबीत मटकीची, चवळीची किंवा मसुराची घट्ट उसळ. ती रस्सेदार नको, दाणे दिसले पाहिजेत. मग चार वाजता, साडेचारला नव्हे, मूठभर फुटाणे आणि चहा. वखवख सुटल्यावर फुटाणे कुणाला आठवत नाहीत, म्हणून तिच्याआधी अर्धा तास. रात्री अर्धी-एक भाकरी, भाजी, वाटीभर आमटी किंवा ताक, पण जेवायचं. रात्रीचा उपास दुसऱ्या दिवशीच्या साडेचारला व्याजासकट निघतो.

डबा खातानाचा क्रमही बदलून बघा. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल मेडिकल कॉलेजमध्ये मधुमेहाच्या ११ रुग्णांना एकच जेवण दोन वेगवेगळ्या क्रमांनी दिलं होतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेला हा छोटासा प्रयोग. भाज्या आणि प्रथिनं आधी, पाव नंतर, असं खाल्लं तेव्हा जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. आपलं पान नेमकं उलटं चालतं. पहिला वाढला जातो तो वरण-भात, आणि कोशिंबीर डाव्या बाजूला, चटणीच्या शेजारी, चमचाभर! ती डावी बाजू वाटीभर करा आणि पोळीला हात लावण्याआधी उसळीसोबत संपवा.

वडापाव? आठवड्यातून एकदा. आदल्या दिवशी ठरवून, गरम असताना, उभ्यानं नाही तर बसून. बाकीच्या दिवशी स्टेशनचा दुसरा जिना धरा.

प्रश्न : वर्षभरापासून चहात साखरेऐवजी सेंद्रिय गूळ घालतो. दिवसाला पाच कप होतात. गोड खावंसं वाटलं तर बायको खजुराचे शुगर-फ्री लाडू करते. तरी वजन दोन किलो वाढलं. असं कसं? (वय ५२, कोल्हापूर)

उत्तर : कोल्हापूरच्या माणसाला गुळाबद्दल वाईट बोलणं जिवावर येतं, पण हिशोब असा आहे. शंभर ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी, तेवढ्याच गुळात साधारण ३८०. गुळात लोह, खनिजं असतात हे खरं, पण चहाच्या चमच्यातून जी येतात ती नावापुरती. ‘सेंद्रिय’ हा शब्द उसाच्या शेतीबद्दल आहे, कॅलरींबद्दल नाही. शिवाय गूळ पौष्टिक आहे या समजुतीने माणूस चमचा वर भरून घेतो.

पाच कप, कपाला दोन चमचे, म्हणजे दहा चमचे. जवळजवळ ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जी मर्यादा सांगितली, ती दोन हजार कॅलरींच्या आहाराला वरून घातलेल्या सगळ्या साखरेची मिळून ५० ग्रॅम आणि शक्यतो २५. गूळ, मध, फळांचा रस हे सगळं त्यात धरायचं. तुमचा कोटा चहातच संपतो.

लाडवांचं म्हणाल, तर खजुराच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग साखरच असते. त्यात तूप, काजू, बदाम. एक लाडू शंभर-सव्वाशे कॅलरीला जातो. वहिनींच्या हातचा लाडू जरूर खा, पण त्याला लाडू म्हणूनच खा. ‘शुगर-फ्री’ म्हटलं की तिसरा कधी तोंडात गेला ते कळत नाही.

एकदम बिनसाखरेचा चहा मी कुणाला सांगत नाही, आठवडाभरात माणूस परत येतो. दर पंधरा दिवसांनी कपामागे अर्धा चमचा कमी करा. पहिले चार दिवस चहा पाणचट लागतो, मग जीभ जुळवून घेते. दोन महिन्यांनी कुणाच्या घरचा नेहमीचा चहा प्यालात की स्वतःच म्हणाल, पाक आहे का हा! कृत्रिम गोडीच्या गोळ्या वजन कमी करण्यासाठी वापरू नयेत, असा सल्ला याच संघटनेने २०२३ मध्ये दिला आहे. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना तो लागू नाही. तुम्हाला नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : पोळी, भात, बटाटा, फळं, सगळं बंद केलं. दहा दिवसांत तीन किलो उतरले! अठराव्या दिवशी मावसबहिणीच्या डोहाळजेवणात पाच पुरणपोळ्या खाल्ल्या आणि नंतर चार दिवस हात थांबलाच नाही. अडीच किलो परत. मला कार्ब्सचं (पिष्ट-साखरेचं) व्यसन आहे का? (वय ३१, पुणे)

उत्तर : आधी तीन किलोंचं बघू. शरीर यकृतात आणि स्नायूंत थोडं पिष्ट साठवून ठेवतं, सगळं मिळून चार-पाचशे ग्रॅम. प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. पोळी-भात बंद केला की हा साठा रिकामा होतो आणि पाणी वाहून जातं. दीड-दोन किलो तिथेच गेले. पुन्हा खाल्लंत, पाणी परत आलं. उतरली तेव्हा सगळी चरबी नव्हती आणि चढली तेव्हाही सगळी चरबी नाही. त्यामुळे दोन्हीकडचा काटा इतका मनाला लावून घेऊ नका.

आता ‘व्यसन’. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवण्याचा प्रयोग झाला. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे समजून घेण्यासाठी. ती माणसं पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागली, स्वप्नातही अन्न बघू लागली. प्रयोग संपल्यावर कित्येकांना पोट फुटेस्तोवर खाऊनही समाधान होईना. गंमत अशी की त्यांच्या अर्धपोटी जेवणात बटाटे आणि पाव भरपूर होते. कार्ब्स मिळत होते, पोटभर मिळत नव्हतं. तुमच्या पाच पुरणपोळ्यांमागे मला व्यसनापेक्षा हे जास्त दिसतं. अठरा दिवस तुम्ही कॅलरीही अर्ध्यावर आणल्या असणार.

कार्ब्स कमी केलेला आहार काहींना खरंच मानवतो, त्यांची तल्लफ तीन-चार आठवड्यांत शमते. पण ते पनीर, अंडी, मासे, दाणे पोटभर खातात. काकडीवर राहत नाहीत. तुम्ही पुणेरी शाकाहारी घरातल्या असाल तर पोळी-भात पूर्ण सोडल्यावर खायला उरतं फारच थोडं. मी म्हणेन, दुपारी दोन पोळ्या किंवा वाटीभर भात, दोन्ही नको. रात्री एक भाकरी. पुरणपोळीच्या दिवशी पुरणपोळी हेच जेवण, दोन, तूप घालून, कटाच्या आमटीसोबत. त्या दिवशी भात वगळायचा.

एक तातडीची सूचना. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता कार्ब्स बंद करू नयेत. रक्तात आम्ल साचून गंभीर प्रसंग ओढवू शकतो.

प्रश्न : सासऱ्यांना मधुमेह आहे, ग्लिमेपिराइड चालू आहे. अलीकडे रात्री अकराच्या सुमारास हात थरथरतात, घाम येतो आणि ते फ्रिजमधले पेढे शोधतात. सासूबाई रागावतात, ‘जिभेचे चोचले.’ काय करावं?

उत्तर : रागावणं आज थांबवा. त्या औषधाने साखर खाली उतरू शकते आणि तुम्ही लिहिलेली लक्षणं तशीच आहेत. त्या वेळी ग्लुकोमीटरवर बघा. ७० च्या खाली असेल, किंवा यंत्र हाताशी नसेल, तरी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, कमीच असेल तर पुन्हा द्या, मग थोडी पोळी किंवा दूध-भात. पेढ्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते, म्हणून पेढा नको. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना. वारंवार होतंय, तेव्हा गोळीच्या मात्रेबद्दल डॉक्टरांना उद्याच भेटा.

प्रश्न : सोमवार, गुरुवार, एकादशी असे उपास करते. तरीही वजन कमी होत नाही आणि उपासाच्या दुसऱ्या दिवशी गोडाची जास्तच ओढ लागते. (वय ४८, सातारा)

उत्तर : एकादशी दुप्पट खाशी, हे आपल्या आज्या उगाच म्हणत नव्हत्या! साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिनं जवळजवळ शून्य. खिचडीत दाण्याचं कूट पडतं म्हणून निभावतं. पण सकाळी खिचडी, दुपारी बटाट्याचे वेफर्स, संध्याकाळी रताळ्याचा कीस आणि मध्ये खजूर, असा दिवस गेला तर तो उपास कार्ब्सचा महोत्सव आहे. श्रद्धेत मी पडणार नाही. पदार्थ मात्र बदलता येतात: राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, दही, ताक, खमंग काकडी, वरी थोडीच. साबुदाणा फक्त एकादशीला ठेवा, तोही वाटीभर.

प्रश्न : दिवसातून दोनदाच जेवावं की दर दोन तासांनी थोडं थोडं? घरात या विषयावर दोन पक्ष पडलेत.

उत्तर : महाराष्ट्रातल्या अनेक घरांत पडलेत. दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायचं, ही डॉ. श्रीकांत जिचकारांची मांडणी डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोचवली, तेव्हापासून ‘५५ मिनिटं’ हा शब्द लग्नाच्या पंगतीतही ऐकू येतो. चीनमध्ये १३९ जणांवर वर्षभर झालेला एक अभ्यास २०२२ मध्ये आला. एका गटाने कमी कॅलरी फक्त सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेत खाल्ल्या, दुसऱ्याने तेवढ्याच कॅलरी वेळेचं बंधन न ठेवता. वजनात म्हणावा तसा फरक पडला नाही. त्यामुळे मी माणूस बघून सांगते. एकदा डबा उघडला की ज्याचा हात थांबत नाही, त्याला दोनदा जेवणं सोपं जातं. लांब उपाशी राहिल्यावर जो अन्नावर तुटून पडतो, त्याला मधलं एक छोटं खाणं हवंच. एकाच घरात दोन्ही नांदू शकतात.

प्रश्न : ताई, मी २२ वर्षांची आहे. गोडाचं नाही, पण मला कच्चे तांदूळ खायची तल्लफ येते. दिवसाला वाटीभर होतात. आधी पाटीवरची पेन्सिल खायचे. याने वजन वाढतं का? लाजेने घरी सांगितलं नाही.

उत्तर : लाजण्यासारखं काही नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलींत हे अधूनमधून दिसतं, फक्त विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. पेन्सिल, माती, बर्फ, कच्चे तांदूळ अशा गोष्टींची ओढ अनेकदा शरीरातलं लोह कमी झाल्याने लागते. वाटीभर तांदळाच्या पाचशेच्या आसपास कॅलरी होतात, पण वजनाची गोष्ट नंतर. या आठवड्यात हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) या दोन तपासण्या करून घे. पाळीत जास्त रक्त जातं का, हेही डॉक्टरांना सांग. लोह कमी निघालं आणि गोळ्या सुरू झाल्या, की ही ओढ बहुतेकींची काही आठवड्यांत जाते. गोळी लिंबूपाण्याबरोबर घे, आणि तिच्या आगेमागे तासभर चहा नको.