संस्कृती, सत्ता आणि श्रद्धा यांपैकी समाजाची राजकीय घडण नेमकी कशाने होते? कोकणाच्या संदर्भात कोणी सांगेल का?

तुम्ही संस्कृती, सत्ता आणि श्रद्धा या तीन गोष्टी वेगवेगळ्या मांडून त्यांतली वरचढ कोणती, असे विचारले आहे. मी राजापूर तालुक्यातल्या एका गावचा. आमचे घर मानकऱ्यांपैकी नाही, आणि शिमग्यात पालखी आमच्या वाडीत पोहोचते तेव्हा महत्त्वाचे मान बहुतेक उरकलेले असतात. तिथून पाहताना या तिन्हींच्या मधली रेघ मला कधीच दिसलेली नाही. कोकणी गावात त्यांचा सगळा व्यवहार मानाभोवती होतो, आणि कोणता मान कोणाकडे आहे यावरून गावात कोणाचे चालते ते कळते.

होळीच्या झाडावर पहिला घाव कोणी घालायचा, पालखीला पहिला खांदा कोणाचा, गाऱ्हाणे कोणी घालायचे, पालखी आधी कोणाच्या अंगणात जायची, हे सगळे ठरलेले असते. बाहेरून आलेल्या माणसाला ही हौसेची परंपरा वाटते. प्रत्यक्षात गाव कोणी वसवले, जमीन कोणाची, कोण कोणाच्या शेतावर राबत होते, याची ती नोंद असते. ती कागदावर नसून दरवर्षी सगळ्यांच्या देखत अंगणा-अंगणांतून वाचली जाते, म्हणून सातबाऱ्यापेक्षा अधिक टिकते.

देवाचा कौल घेण्याची रीत जवळून पाहिली तर हे स्पष्ट होते. गुरव मूर्तीला पाण्याने कळे किंवा फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणे घातले जाते, मागे उभे असलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणत राहतात, आणि मग सगळे गप्प होऊन कुठला कळा आधी सुटतो ते पाहतात. उजवीकडचा पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. गावागावांत तपशील बदलतो, पण साधारण रीत अशी. उत्तर देव देतो, यावर तिथल्या कोणाचीही शंका नसते आणि माझीही ती खोटी ठरवण्याची इच्छा नाही. माझे लक्ष मात्र प्रश्नाकडे जाते. कळे लावण्याआधी देवासमोर काय ठेवायचे, हे मोजके मानकरी ठरवतात. जत्रा कधी भरवावी, हे देवाला विचारले जाते; अमुक वाडीला पालखीला खांदा का देऊ नये, हे बहुधा विचारलेच जात नाही. श्रद्धा पूर्ण प्रामाणिक असते आणि तरीही सत्ता आपले काम करून जाते, कारण ती उत्तरात ढवळाढवळ करत नाही, प्रश्न विचारण्याचा हक्क तेवढा हातात ठेवते.

हा मान बऱ्याच अंशी खोतीच्या काळात घट्ट झाला. रत्नागिरी आणि जुन्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यात सरकार आणि कूळ, म्हणजे प्रत्यक्ष जमीन कसणारा शेतकरी, यांच्यामध्ये खोत होता. तो सारा भरायचा आणि कुळाकडून धान्याचा मोठा हिस्सा घ्यायचा, शिवाय वेठही करून घ्यायचा. खोत ब्राह्मण होते, मराठा होते, कायस्थ होते, मुसलमानही होते, त्यामुळे हा एका जातीने दुसरीवर केलेला अन्याय एवढ्याच चौकटीत तो बसत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, प्रत्यक्ष कायदा मात्र १९४९ मध्ये झाला, आणि पुढे कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कुळे जमिनीची मालक मानली गेली. म्हणजे सत्तेचा आर्थिक पाया कायद्याने काढून घेतला. पण पहिल्या नारळाचा मान कोणत्याही कायद्याच्या कलमात नव्हता, त्यामुळे तो अनेक ठिकाणी आहे तिथेच राहिला. जमीन गेलेली घराणी आजही देवळात पुढे उभी असतात आणि त्यांच्या जुन्या कुळांची नातवंडे, पक्की घरे बांधून, दारात गाडी उभी करून, देवळात मागे उभी राहतात.

उलट दिशेचे उदाहरण महाडचे आहे. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सगळे झाले होते. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत त्या तळ्यावर त्यांना पाणी पिता आले नाही, आणि त्या दिवशी ते प्याल्यावर त्यांच्यावर लाठ्या चालल्या, आणि तळे बाटले म्हणून त्यात पंचगव्याच्या घागरी ओतल्या गेल्या. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. राजसत्तेचा हुकूम, निवडून आलेल्या संस्थेचा ठराव आणि शुद्धाशुद्धतेची श्रद्धा समोरासमोर आल्या आणि पहिल्या फेरीत श्रद्धा जिंकली, कारण तिच्या पाठीशी काठ्या होत्या. श्रद्धेचे बळ मोजताना त्या काठ्या वगळून चालत नाही.

रत्नागिरीत १९३१ मध्ये सर्व जातींसाठी पतितपावन मंदिर उभे राहिले. भागोजीशेठ कीरांनी पैसा दिला, सावरकरांनी चळवळ केली. त्याचे मोल मी कमी करत नाही, पण नवे देऊळ बांधण्यापेक्षा जुन्या देवळातली उभे राहण्याची जागा बदलणे फार अवघड असते, आणि कोकणातल्या बहुतेक गावांत ते दुसरे काम झालेच नाही.

मग नवा राजकीय समाज घडतो तो कसा? मला चरीच्या संपाचे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे वाटते. अलिबागजवळच्या चरी गावात ऑक्टोबर १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्णय घेतला आणि तो १९३९ पर्यंत, आसपासच्या गावांसह, पाळला. खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या, ज्या शेतकऱ्याचे पोट फक्त भातावर होते, त्याने भात न पेरण्याची शपथ पाळणे म्हणजे काय, याची कल्पना करा. एवढी एकजूट भाषणांतून येत नाही. ती भावकीतून आणि गावकीतून, म्हणजे गावाच्या पारंपरिक पंचायतीतून आली, म्हणजे ज्या बंधनांनी माणसाला एरवी दबून राहायला शिकवले होते त्यांतूनच. पुढे अलिबाग, पेण, उरण हा पट्टा दीर्घकाळ शेतकरी कामगार पक्षाचा बालेकिल्ला राहिला, त्याची मुळे या संपात आहेत.

आणि याच रायगड जिल्ह्यातून पुढे कुटुंबांना वाळीत टाकल्याच्या इतक्या तक्रारी आल्या, की सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या कायद्याच्या चर्चेत त्या वारंवार पुढे येत राहिल्या. तो कायदा विधिमंडळाने २०१६ मध्ये केला आणि २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा १९४९ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द ठरवला होता, कारण धार्मिक कारणावरून बहिष्कृत करणे हा त्या पंथाच्या अंतर्गत कारभाराचा भाग मानला गेला. संप पुकारणारी गावकी आणि वाळीत टाकणारी गावकी अनेकदा एकच असते. हे सांगायला अवघड जाते, पण कोकणात राहून ते नाकारता येत नाही.

काहींनी या व्यवस्थेतून बाहेर पडणेच पसंत केले. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक गावांतल्या बौद्ध कुटुंबांनी शिमग्यातली परंपरेने आलेली कामे सोडून दिली. गावाच्या लेखी तो त्यांचा मान होता. त्यांच्या लेखी ती चाकरी होती. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते.

बदल घडवणारी आणखी एक वाट मुंबईहून आली. लालबाग-परळच्या चाळींत एकेका गावाची खोली असे, तिथे गिरणीत काम करणारे चाकरमानी राहत आणि त्यातून गावाची मंडळे उभी राहिली. देवळाचा जीर्णोद्धार मंडळाच्या पावत्यांवर झाला, तेव्हा निर्णयात वाटा मागायला पैसे देणारे आले. पुढे देवस्थानाची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली करताना विश्वस्त कोण, हे लिहून द्यावे लागले. पुष्कळ गावांत मानकऱ्यांनी तिथे स्वतःचीच नावे लिहिली, आणि आता पालखीवरून होणारे भांडण धर्मादाय कार्यालयात बदल अर्जाच्या, म्हणजे विश्वस्तांची नावे बदलून मिळण्यासाठीच्या अर्जाच्या, रूपाने चालते. तोवर शिमगा आला, की तहसीलदार दोन्ही बाजूंना बोलावून बैठक घेतात आणि पालखी पोलीस बंदोबस्तात निघते.

निवडणुकीतही देव असतोच. देवळात नारळावर हात ठेवून मताची शपथ घ्यायला लावण्याचे प्रकार कोकणात कोणाला नवे नाहीत. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३ मतदाराला दैवी कोपाची भीती घालणे हा भ्रष्ट मार्ग मानते, पण ज्याने शपथ घेतली त्याच्या दृष्टीने कायदा दूर असतो आणि देव गावातच असतो. २०११ पासून ग्रामपंचायतीत महिलांना निम्म्या जागा राखीव आहेत, आमच्या भागातल्या अनेक सरपंच बायका उत्तम कारभार करतात. त्याच बायका गावकीच्या बैठकीत मात्र बसत नाहीत, त्यांना बोलावलेच जात नाही.

तुम्हाला अभ्यासासाठी सुरुवात कुठून करावी असा प्रश्न असेल, तर एखाद्या गावाच्या देवस्थानाचे ‘परिशिष्ट एक’, म्हणजे विश्वस्तांची नावे असलेला नोंदणीचा उतारा, धर्मादाय कार्यालयातून काढा, त्याच गावाची मतदार यादी घ्या, आणि कोणत्या वाडीतली नावे दुसऱ्या यादीत भरपूर असून पहिलीत एकही नाही ते पाहा. मग शिमग्यात त्या वाडीत जाऊन राहा.