खालची कवळी हलते? दोन इम्प्लांट पुरतात

प्रश्न : आई ७१ वर्षांची. दोन्ही कवळ्यांना सहा वर्षं झाली. वरची छान बसते, खालची बोलतानासुद्धा उचलली जाते. जेवताना ती काढूनच ठेवते आणि भाकरी आमटीत कुस्करून खाते. एक डॉक्टर सहा इम्प्लांटवर (जबड्याच्या हाडात बसवायच्या स्क्रूंवर) पक्के दात सुचवतात, दुसरे म्हणतात दोन इम्प्लांट आणि कवळी. आईला मधुमेह आहे. काय करावं? – वाचक, परळ

उत्तर : आमचं मत दोन इम्प्लांटच्या बाजूचं आहे. वरच्या कवळीला अख्खी टाळू मिळते, त्यामुळे ती चिकटून राहते. खालची म्हणजे घोड्याच्या नालेसारखी अरुंद पट्टी. तिला जीभ आतून ढकलते, गाल बाहेरून, आणि दात गेल्यावर खालचं हाडही वर्षागणिक झिजत जातं. नवीन कवळी कितीही चांगली केली तरी ही अडचण उरतेच. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या बिनदातांच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची काढता येणारी कवळी ही पहिली निवड असावी, असं एकमतानं सांगितलं. ती बाहेर काढून धुता येते. हाताची पकड कमी होत चाललेल्या वयात हे फार मोलाचं.

इम्प्लांट साधारण दोन सुळ्यांच्या जागी बसवतात. हनुवटीच्या बाजूंना ओठाची नस बाहेर पडते, तिच्या पुढच्या भागात हाड सहसा घट्ट आणि पुरेसं असतं. त्याआधी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) हवंच. ते ८ च्या वर असेल तर आधी साखर आटोक्यात आणा. हाडांच्या ठिसूळपणावर अलेंड्रोनेटची गोळी किंवा झोलेड्रोनिकचं इंजेक्शन चालू असेल किंवा पूर्वी घेतलं असेल, तर ते आवर्जून सांगा. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनानं बंद करू नका. मिसरी लावत असतील तर ती मात्र बंदच करायला हवी.

हाड इम्प्लांटला धरेपर्यंत साधारण तीन महिने जातात. तोवर जुनी कवळी त्या जागी आतून कोरून मऊ अस्तर लावून वापरतात. मग इम्प्लांटवर लोकेटर नावाची ठेंगणी धातूची गुंडी घट्ट करतात आणि तिच्यावर बसणारी टोपी कवळीत पक्की करतात. टोपी पक्की करताना गुंडीभोवती पांढरी रिंग घालायची असते. ती विसरली तर अॅक्रिलिक (कवळीचं प्लास्टिक) गुंडीखालच्या खाचेत शिरतं आणि कवळी तोंडातच अडकते. जागेचंही आधीच विचारून घ्या : इम्प्लांटच्या माथ्यापासून दातांच्या कडेपर्यंत साधारण ९ मिमी लागतात. कमी असतील तर टोपीवरचं अॅक्रिलिक पातळ राहतं आणि कवळी नेमकी तिथेच तडकते. अशा वेळी आत धातूची जाळी घालून घ्यावी.

मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय, दोन्हीकडे कवळ्यांचा स्वतंत्र विभाग आहे. दुसरं मत हवं असेल तर तिथे जरूर दाखवा.

प्रश्न : सुरुवातीला कवळी ‘खट्’ करून बसायची. आठ महिन्यांत सैल झाली. इम्प्लांट निकामी झाला का? – वाचक, मुलुंड

उत्तर : बहुधा नाही. टोपीत नायलॉनची चकती असते, ती झिजते. सहा महिने ते वर्षभरात ती बदलावी लागणं हे नेहमीचंच, आणि काम काही मिनिटांचं. तिचे रंग पकडीप्रमाणे असतात : निळी सुमारे ०.७ किलो, गुलाबी १.४, पारदर्शक २.३. सर्वांत घट्ट चकतीचा आग्रह धरू नका. बोटं दुखणाऱ्या माणसाला ती कवळी निघत नाही, मग रात्रीही तोंडातच राहते आणि हिरडीला बुरशी येते.

चकती बदलण्याआधी एक तपासणी घरीच करा. कवळी बसवून तर्जनी आळीपाळीनं दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढांवर दाबा. पुढची कड उचलली गेली, तर मागची हिरडी खाली गेली आहे. कवळी दोन गुंड्यांवर झोपाळ्यासारखी हलते आणि दर हेलकाव्याला नायलॉन कुरतडला जातो. अशी कवळी रिलाइन, म्हणजे आतून नव्यानं अस्तर, केल्याशिवाय नवी चकतीही लवकरच जाईल.

कवळी दात दाबून बसवायची सवय असेल तर सोडा. ती वाकडी उतरते आणि चकतीची कड कापली जाते. दोन्ही बोटांनी सरळ दाबा. गरम पाणी, टूथपेस्ट, ब्लीच वापरू नका. साधा साबण आणि मऊ ब्रश पुरे. गुंडीभोवतीची हिरडीही रोज घासायची. तिथून रक्त किंवा पू आला तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : वरच्या जबड्यालाही दोनच चालतील का? कवळीचा टाळूवरचा भाग कापून मिळेल? – वाचक, विलेपार्ले

उत्तर : नाही. वरचं हाड मऊ, मागे सायनस (हवेची पोकळी). तिथे किमान चार इम्प्लांट लागतात, अनेकदा दांडीनं जोडलेले. तेव्हाच टाळू मोकळी करता येते. वरची कवळी नीट टिकत असेल आणि उलटीची भावना होत नसेल, तर तिला हात लावू नका.