भाच्यासाठी झेल्डाचं कुठलं पुस्तक घेऊ?

प्रश्न : माझा भाचा नेरूळला राहतो, यंदा दहावीत आहे. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या व्हिडिओ गेम्सचं त्याला विलक्षण वेड. वह्यांच्या समासात त्यातलेच राक्षस नि तलवारी काढत असतो. नववीत इंटरमीजिएटला ‘ए’ ग्रेड मिळवली, म्हणून त्याला या गेम्सचं अधिकृत पुस्तक द्यायचंय. चार दिसली, सगळी इंग्रजी, जाडजूड आणि महाग. कुठलं घेऊ?
– एक मावशी, कोपरी, ठाणे

उत्तर : मावशी, तुमच्या पत्रातलं ‘वह्यांच्या समासात’ वाचलं आणि माझं ठरलंच. ‘क्रिएटिंग अ चॅम्पियन’ घ्या.

ठाण्याच्या एका शाळेत मी सव्वीस वर्षं चित्रकला शिकवली. तयार चित्र समोर ठेवलं की मुलं ते उतरवून काढतात. त्याच चित्राआधीचे खोडलेले, नापसंत ठरलेले कागद दाखवले की स्वतःचं काढू लागतात. हे पुस्तक २०१७ सालच्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या एकाच गेमवर आहे. पानं ४२४, आणि त्यातली बहुतेक घडणीची रेखाटनं नि टिपणं. त्या गेममध्ये गार्डियन नावाची, पायांवर धावत येणारी जुनाट यंत्रं आहेत. त्यांचं रूप जपानच्या जोमोन या प्रागैतिहासिक काळातल्या मातीच्या भांड्यांवरून सुचलेलं. माझ्या मुलीला हे कळलं त्या संध्याकाळी तिनं माळ्यावरून आजीचा फिरकीचा तांब्या काढायला लावला आणि त्याला पाय फुटलेला एक प्राणी काढला. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. मागच्या पानांत गेममधल्या हायरूल या राज्याचा थोडा इतिहासही आहे, म्हणजे गोष्टीची भूकही भागेल.

मात्र एक चाचणी घ्या. जेवताना सहज विचारा, “‘ऑकारिना ऑफ टाइम’ या गेमनंतर पुढे काय होतं रे?” तो अर्धा तास बोलत राहिला, तर ‘हायरूल हिस्टोरिया’चा विचार करा. पहिला गेम १९८६चा. पंचविशीनिमित्त हे पुस्तक डिसेंबर २०११मध्ये जपानीत निघालं, इंग्रजीत जानेवारी २०१३मध्ये. सगळ्या गेम्सचा कालक्रम त्यात पहिल्यांदा छापून आला. ‘ऑकारिना’नंतर इतिहासाला तीन फाटे फुटतात आणि एका फाट्यात नायक चक्क हरतो! मला हे फार आवडतं. पण त्याला सांगून ठेवा, हा इतिहास दगडावरची रेघ नाही. पुढे आलेल्या ‘एन्सायक्लोपीडिया’ या पुस्तकात ‘लिंक्स अवेकनिंग’ आणि ‘ऑरॅकल’ या गेम्सची जागा आपसात बदललीय. हिस्टोरियातच म्हटलंय की कथा सांगणारे बदलतात तसा इतिहासही बदलतो. शिवाय ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ त्यात नाही, कारण तो गेम नंतरचा.

‘आर्ट अँड आर्टिफॅक्ट्स’ म्हणजे मुख्यतः तयार चित्रांचा भरगच्च संग्रह, मजकूर अगदी कमी. सुंदर आहे, पुढच्या वर्षी घ्या. ‘एन्सायक्लोपीडिया’ चित्रं काढणाऱ्या मुलाला आत्ता नको.

घेताना इंग्रजी आवृत्तीवर डार्क हॉर्स या प्रकाशकाचं नाव आहे ना ते पाहा. स्वस्तात मिळतंय म्हणून मी एकदा फसले. आलेल्या प्रतीतली बारीक रेघ न् रेघ फिसकटलेली होती.

आणि नेरूळ खाडीकाठी आहे, तेव्हा पावसाळ्याचं बघा. या पुस्तकांचा कागद गुळगुळीत असतो, ओल धरली की पानाला पान चिकटतं. माझं हिस्टोरिया बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या फडताळात होतं. एका जुलैत भिंत पाझरली आणि अकरा पानांचा एक गठ्ठा झाला. पंख्याखाली वाळवून, हलक्या हातानं सोडवायला गेले तर रंगच निघून आला. आतल्या भिंतीच्या कपाटात, वजनदार म्हणून आडवं ठेवायला सांगा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पानं उलटून वारा द्यायचा. ते काम तो आनंदानं करेल.