आधी नाव विचारा, मग अडसर काढा

"ताई, आमच्यापासून तीन घरं सोडून चोरी झाली. दिवाळीसाठी लॉकरमधून काढलेलं सगळं सोनं गेलं. तेव्हापासून ह्यांनी पिस्तूल घ्यायचं मनावर घेतलंय. समोरचे शेजारी म्हणतात, हे टेक्सास आहे, घरात शिरला तर सरळ उडवा, कोणी विचारत नाही. पुढच्या महिन्यात माझे आई-बाबा सहा महिन्यांसाठी येताहेत. मला रात्र रात्र झोप लागत नाही. खरंच कोणी विचारत नाही का?"

ह्यूस्टनजवळच्या केटीहून आलेलं हे पत्र चार पानी आहे. कुत्रा पाळावा का, सोनं कुठे ठेवावं, लेक आजी-आजोबांशी मराठीत बोलेल का, असंही त्यात बरंच आहे. त्याकडे नंतर येते. त्या शेवटच्या प्रश्नाने मात्र माझ्या पोटात गोळा आला.

विचारतात गं. पोलीस विचारतात, सरकारी वकील विचारतो, ग्रँड ज्युरी, म्हणजे खटला भरायचा की नाही ते ठरवणारी सामान्य नागरिकांची समिती, तीही विचारते. प्रकरण पुढे गेलं तर बारा अनोळखी माणसं तुझ्या नवऱ्याच्या त्या चार सेकंदांचा दिवसचे दिवस कीस पाडतात.

शेजाऱ्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, हे आधी सांगते. टेक्सासचा कायदा घरमालकाला बरंच झुकतं माप देतो. २००७ साली तो आणखी सैल झाला. कोणी बेकायदा आणि जबरदस्तीने तुमच्या राहत्या घरात शिरलं किंवा शिरू पाहत असेल, तर तुम्हाला वाटलेली जिवाची भीती वाजवी होती असं कायदा धरून चालतो, आणि आधी पळून जायला हवं होतं असंही म्हणत नाही. पण तुम्ही स्वतः कुरापत काढलेली नसावी आणि स्वतः गुन्हा करत नसावं. रात्रीच्या चोरीत नुसत्या मालमत्तेसाठी जीवघेणं बळ वापरायलाही तिथे एक अटींची वाट आहे. बहुतेक राज्यांत तीही नाही. त्याच वर्षी ह्यूस्टनशेजारच्या पासाडेनात एका गृहस्थाने शेजारच्या घरातून चोरी करून निघालेल्या दोघांना गोळ्या घालून ठार मारलं, आणि २००८ साली ग्रँड ज्युरीने त्याच्यावर आरोप ठेवला नाही. तुझे शेजारी बहुधा हेच उदाहरण देत असतील. ९११ या आणीबाणीच्या नंबरवरचा माणूस मात्र त्याला परोपरीने विनवत होता, की मालासाठी कोणाचा जीव घेऊ नका, घराबाहेर पडू नका. हा भाग कोणी सांगत नाही.

'बेकायदा' आणि 'जबरदस्तीने' हे दोन शब्द फ्रिजवर लिहून ठेव. बेल वाजवणारा त्यात बसत नाही. दार ठोठावणाराही बसत नाही.

माझे जुने वाचक ओळखतील की आता मी दारावर येणार. येणारच. आमच्या वाईच्या वाड्याला सागवानी अडसर होता, भिंतीतल्या खोबणीतून सरकवायचा, आम्हा पोरांना दोघांनी मिळून ओढावा लागे. अंधार पडल्यावर कोणीही आलं, अगदी माझे वडील आले तरी, आजी आतून विचारायची, "कोण?" नाव ऐकू येईपर्यंत अडसर हलायचा नाही. एकदा वडिलांचा घसा बसला होता, तर त्यांना पावसात उभं ठेवून तिने त्यांच्याकडून मामांचं नाव वदवून घेतलं होतं. लहानपणी तिचा राग यायचा. इथे अमेरिकेत येऊन अठ्ठावीस वर्षं झाली, आणि वर्तमानपत्रात अशी एकेक बातमी वाचताना मला तो अडसर आठवतो, कारण जवळजवळ प्रत्येक बातमीत चूक दारापाशीच झालेली असते.

१९९२ साली लुईझियानात, बॅटन रूजला, सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोवीनच्या पार्टीला निघाला आणि चुकीच्या घराची बेल वाजवली. मालकाने पिस्तूल घेऊन दार उघडलं आणि त्याला गोळी घालून ठार केलं. फौजदारी खटल्यात मालक सुटला, पण १९९४ साली दिवाणी कोर्टाने त्याला साडेसहा लाख डॉलर भरायला सांगितलं. २०१३ साली डेट्रॉइटजवळ एकोणीस वर्षांची मुलगी गाडीला अपघात झाल्यावर पहाटे एका घराचं दार वाजवत होती. मालकाने आतलं दार उघडून बाहेरच्या जाळीच्या दारातून गोळी झाडली. त्याला किमान सतरा वर्षं तुरुंग. २०२३ साली कॅन्सस सिटीत सोळा वर्षांचा मुलगा धाकट्या भावांना आणायला गेला आणि 'टेरेस' ऐवजी 'स्ट्रीट'वर पोचला. नंबर तोच. काचेच्या दारातून त्याच्या डोक्यात गोळी मारली गेली, तो वाचला हे नशीब. त्याच आठवड्यात न्यूयॉर्क राज्यात वाट चुकून एकाच्या ड्राइव्हवेत वळणाऱ्या गाडीत बसलेली वीस वर्षांची मुलगी गोळी लागून गेली. तिला मारणाऱ्याला पंचवीस वर्षं ते जन्मठेप.

या चौघांपैकी कोणीही घरात शिरलेलं नव्हतं.

आणि शिरलेले असले तरी? २०१२ साली मिनेसोटातल्या लिटल फॉल्समध्ये एकाच्या घरी आधी चोऱ्या झाल्या होत्या. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी घर रिकामं वाटावं म्हणून त्याने आपली गाडी दूर नेऊन ठेवली आणि तळघरात बंदूक घेऊन बसला. दोन किशोरवयीन मुलं खरोखरच घर फोडून आत आली. ती जखमी होऊन पडल्यावरही तो गोळ्या झाडत राहिला, आणि हे सगळं त्याच्याच ध्वनिमुद्रणात होतं. आजन्म कारावास, पॅरोल नाही. कायदा असा आहे: धोका असेपर्यंतच तुझा हक्क. चोर पडला, वळला, पळाला, की हक्क तिथेच संपला. आणि सापळा लावून वाट बघणाऱ्याला स्वसंरक्षण म्हणता येत नाही.

आता तुझ्या पत्रातलं पुढचं वाक्य: "हे म्हणतात, मी आधी खाली जाऊन बघीन, तू मुलीला घेऊन वर थांब." नाही! ह्यांना खाली जाऊ देऊ नकोस. तुम्ही घाबरट आहात म्हणून हे सांगत नाहीये. अंधारात जिना उतरणारा माणूस ओळख न पटवता गोळी झाडतो, किंवा त्याच्या हातातलं पिस्तूल बघून पोलीस त्याच्यावर झाडतात. सगळ्यांनी एका खोलीत यायचं, दार आतून लावायचं, ९११ लावून आपण कुठल्या खोलीत आहोत ते सांगायचं, फोन चालू ठेवायचा. आतून मोठ्याने ओरडायचं, "कोण आहे? पोलीस निघालेत." बहुतेक चोराला माणसं नकोच असतात, माल हवा असतो. त्या ओरडण्यावर "बाबा, मीच आहे" असंही उत्तर येऊ शकतं. आमचा मुलगा कॉलेजातून न सांगता रात्री दोनला घरी आला होता. आमचे हे जिन्याच्या तोंडाशी बॅट घेऊन उभे, मी पाठीमागून हाक मारली, आणि खालून त्याचा आवाज आला. बॅटच्या जागी दुसरं काही असतं तर, हा विचार मी आजही पूर्ण करू शकत नाही. आणि ते बंद दार फोडून कोणी आत आलंच, तर तिथे कायदा तुमच्या बाजूने आहे. पोलीस आले की हात रिकामे ठेवायचे, आणि सविस्तर जबाब वकील आल्यावर.

शेजाऱ्यांनी न सांगितलेली आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्यासारख्यांनाच लागू होते. तुम्हाला ग्रीन कार्ड मिळालंय, म्हणून ह्यांना पिस्तूल घेता येईल. एच-वन या नोकरीच्या व्हिसावर असता, तर शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडून, संघीय कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायलाच मनाई होती. व्हिजिटर व्हिसावर येणाऱ्या तुझ्या बाबांनाही ती आहे. तेव्हा "आम्ही ऑफिसात असताना ड्रॉवरमध्ये आहे हं" असं त्यांना सांगून ठेवायचं नाही. शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरणं हे ग्रीन कार्डवाल्याला देशाबाहेर काढायचं स्वतंत्र कारण आहे. नागरिक शिक्षा भोगून घरी जातो, आपण कुठे जायचं? तुझी लेक पंधरा वर्षांची आहे. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती नीट बंद न केलेलं भरलेलं पिस्तूल लागलं, तर टेक्सासात तो मालकाचा गुन्हा ठरतो. घ्यायचंच तर आधी तिजोरी, मग प्रशिक्षण, आणि एक तास वकिलाला पैसे देऊन घरच्या घरी प्रश्न विचारून घ्या.

इंग्लंड-कॅनडातल्या वाचकांनो, तुमच्याकडे माप वेगळं आहे, टेक्सासच्या गप्पा तिकडे चालवू नका. भारतात तरी काय, रात्रीच्या घरफोडीत जीव घेण्यापर्यंतचा हक्क आधी दंडसंहितेत होता आणि आता न्याय संहितेतही आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही ही अट तिथेही आहेच.

सोनं परत लॉकरमध्ये ठेव, फोटो आणि पावत्या दुसरीकडे ठेव, आणि घराच्या विम्यात दागिन्यांना किती भरपाई आहे ते बघ, साध्या पॉलिसीत फार थोडी असते. कुत्रा हवा असेल तर पाळ, पण त्याला फिरवणार कोण ते आधी ठरव. मुलीच्या मराठीचं आजी-आजोबा बघतील.

मला खरी काळजी तुझ्या आई-बाबांची आहे. इथे न्यू जर्सीत, आमच्या एडिसनला सगळी घरं एका साच्यातली. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा, साडीवर माझा स्वेटर आणि पायात बूट घालून रोज फिरायला जायच्या. एका संध्याकाळी चार घरं आधीच वळल्या. कडी फिरवली, उघडेना, म्हणून तळहाताने दार बडवत राहिल्या, "अगं उघड की, मी आहे." आतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आधी खिडकीचा पडदा बाजूला केला, मग दार उघडून त्यांना हाताला धरून आमच्याकडे आणून सोडलं. त्या घरात तुझ्या शेजाऱ्यांसारखा विचार करणारा कोणी असता तर? दुसऱ्याच दिवशी मी दाराला लाल तोरण बांधलं, लांबून दिसेल असं, आणि त्यांच्या पर्समध्ये पत्ता लिहून ठेवला.

तूही बांध. बाबांच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी आणि तुझा फोन नंबर असू दे. आणि ते आले की पहिल्याच शनिवारी, जेटलॅग असला तरी, दोघांना घेऊन आजूबाजूच्या घरी लाडू देऊन ये. चेहरे दाखव, नावं सांग. सुरुवात समोरच्या त्या शेजाऱ्यांपासून कर.