कानातली शिट्टी: नव्या उपचारांची वाट पाहावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 31, देवगडच्या ट्रॉलरवर इंजिन सांभाळता, दोन्ही कानांत कायम बारीक शिट्टी वाजत असते (डॉक्टर याला कर्णनाद म्हणतात). समुद्रात असताना ती जाणवत नाही, पण जून-जुलैच्या मासेमारी बंदीत घरी असलात की रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. कानातल्या मेलेल्या पेशी पुन्हा उगवणारं औषध चार-पाच वर्षांत येणार असं तुम्ही वाचलंत, आणि एका क्लिनिकने स्टेम सेलच्या (नव्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशींच्या) इंजेक्शनांचे अडीच लाख सांगितलेत. वाट पाहू की पैसे भरू, असं विचारताय.

पैसे भरू नका. हे आधी सांगतो, कारण बंदीच्या दिवसांत खलाशाच्या घरातून अडीच लाख निघायचे म्हणजे दागिने गहाण पडतात. वाट पाहण्याचं उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही. मी याच तालुक्यात बारावीला जीवशास्त्र शिकवतो आणि माझ्याही कानात आवाज आहे, डाव्या कानात जास्त. त्यामुळे या संशोधनावर माझी नजर असते. जे समजलंय ते सांगतो.

आतल्या कानात शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी असते, पूर्ण उलगडली तर साधारण साडेतीन सेंटिमीटर. तिच्यात आवाज टिपणाऱ्या केसपेशी ओळीने बसलेल्या असतात. आतल्या ओळीत साडेतीन हजारांच्या आसपास, बाहेरच्या तीन ओळींत बारा हजारांच्या आसपास. जन्माला येताना मिळतात तेवढ्याच. इंजिनाच्या आवाजाने, वयाने, काही औषधांनी त्या मरतात आणि माणसात परत येत नाहीत. उंच पट्टीच्या आवाजांच्या पेशी नळीच्या तोंडाशी असतात आणि त्या आधी जातात. गोंगाटात काम करणाऱ्यांच्या ऑडिओग्रामवर (ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर) 4000 हर्ट्झच्या आसपास रेघ खड्ड्यात जावी तशी खाली उतरते आणि पुढे पुन्हा थोडी वर येते. तुमची तपासणी झाली असेल तर कागद काढून बघा, बहुतेक तसा खड्डा दिसेल.

आता आशा कुठून आली ते. 1988 साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की कोंबडीच्या आणि लाव्याच्या कानातल्या मेलेल्या केसपेशींच्या जागी नव्या उगवतात. पेशींच्या खाली आधारपेशी असतात, त्या विभागतात किंवा स्वतःच रूप बदलून केसपेशी बनतात. सस्तन प्राण्यांतही आधारपेशी आहेतच, पण त्या गप्प बसलेल्या असतात. उंदराच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लात ही ताकद थोडी असते आणि पहिल्या काही दिवसांतच मावळते. त्यांना पुन्हा जागं करता येईल का, या एका प्रश्नावर जगभर कित्येक प्रयोगशाळा काम करताहेत. हा प्रश्न खरा आहे, थापेबाजी नाही. मला स्वतःला तो फार महत्त्वाचा वाटतो.

पण माणसांवर आतापर्यंत काय झालं? ज्या औषधाबद्दल तुम्ही वाचलं असेल ते बहुधा एफएक्स-322. अमेरिकेतल्या फ्रीक्वेन्सी थेरप्युटिक्स या कंपनीचं. कानाच्या पडद्यातून सुईने औषध आत सोडायचं आणि आधारपेशी जाग्या करायच्या. पहिल्या छोट्या चाचणीत काही जणांना शब्द जास्त स्पष्ट ऐकू येऊ लागले, तेव्हा खूप गाजावाजा झाला. 2021 मध्ये मोठ्या चाचणीत औषध घेणाऱ्यांत आणि नुसतं खोटं, औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्यांत फरक निघाला नाही. 2023 च्या फेब्रुवारीत पुढचीही चाचणी फसली आणि कंपनीने श्रवणाचं कामच बंद केलं. युरोपात रीगेन नावाच्या प्रकल्पात दुसऱ्या प्रकारचं औषध तपासलं, त्याचे निकाल 2024 मध्ये छापून आले. औषध सुरक्षित होतं, पण ऐकण्यात जी सुधारणा ठरवली होती ती मिळाली नाही.

आणि एक बातमी तुम्हाला कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवली असेलच: चीनमध्ये जन्मतः बहिऱ्या मुलांना जनुकीय उपचाराने ऐकू येऊ लागलं. ती खरी आहे. जानेवारी 2024 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात सहा मुलांची हकीकत आली, पाचांना ऐकू येऊ लागलं. वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण त्या मुलांच्या केसपेशी जिवंत होत्या. ओटोफर्लिन नावाचं एक प्रथिन तयार होत नव्हतं, त्याचं जनुक आत नेऊन दिलं. तुमच्या-माझ्या कानात पेशीच गेल्यात. ते यश आपल्या आजाराला जसंच्या तसं लागू पडत नाही. कानाच्या आत जनुक पोचवता येतं एवढं मात्र त्यातून सिद्ध झालं, आणि पुढच्या कामाला ते उपयोगी पडणार.

आता माझी खरी शंका, जी या बातम्यांत सहसा नसते. समजा उद्या पेशी उगवल्या. शिट्टी थांबेल का?

शिट्टीची सुरुवात कानात होते, पण ती चालू ठेवतो मेंदू. कानाकडून येणारा संदेश कमी झाला की मेंदू आपल्याकडचा आवाज वाढवतो. बोटीवरच्या वायरलेसवर समोरचा नीट ऐकू येत नसला की तुम्ही आवाज वाढवता, आणि मग बोलणं थोडं नि खरखर जास्त ऐकू येते, तसंच काहीसं. कानाची नस कापल्यावरही कित्येक रुग्णांचा आवाज तसाच राहिल्याचं डॉक्टरांनी फार पूर्वीच नोंदवलंय. म्हणजे नुसता कान दुरुस्त झाला की मेंदू तो आवाज खाली आणेलच, असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही.

तरीही मी आशा सोडलेली नाही, त्याला कारण आहे. पार बहिऱ्या माणसांना कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानाच्या नसेला विजेने संदेश देणारं यंत्र) बसवलं की त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा कानातला आवाज कमी होतो. साध्या श्रवणयंत्रानेही अनेकांना आराम पडतो. संदेश पुन्हा सुरू झाला की मेंदू ऐकतो, निदान काही जणांचा तरी. त्यामुळे खऱ्याखुऱ्या पेशी परत आल्या तर फायदा व्हावा, हा अंदाज शास्त्राला धरून आहे. फक्त त्याची चाचणी अजून झालेली नाही, कारण पेशी उगवण्याची पहिलीच पायरी माणसात अजून चढता आलेली नाही. चार-पाच वर्षांचा वायदा करणाऱ्याने तो कशाच्या जोरावर केला, हे मला कुठे सापडलं नाही.

त्यात 2009 मध्ये कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की मोठ्या आवाजाने केसपेशी वाचल्या तरी त्यांचा नसेशी असलेला सांधा तुटतो, आणि साध्या तपासणीत ते दिसतही नाही. म्हणजे पेशी, सांधा, नस, मेंदू, या सगळ्यांकडे बघावं लागणार. एका सुईचं हे काम नाही.

क्लिनिकबद्दल. शिरेत सोडलेल्या स्टेम सेल हाडाच्या आत दडलेल्या त्या वाटाण्याएवढ्या जागेत जातील, बरोबर ओळीत बसतील, प्रत्येक जण आपल्या पट्टीच्या नसेला जोडली जाईल, असं सिद्ध झालेलं नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करायचा, उपचार म्हणून विकायचा नाही. मंजूर चाचणीत तपासायच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नसतात. तुमच्याकडे अडीच लाख मागितले, तिथेच मला उत्तर मिळालं. 'आमचीही चाचणीच आहे' असं म्हणाले तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा. ती सरकारी नोंदवही कोणालाही फुकट बघता येते. आणि नुसता क्रमांक बघून थांबू नका, नोंदीत कर्णनादाचाच आजार लिहिलाय का, इथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, तेही वाचा. वाचता येत नसेल तर मला कळवा, मी वाचून सांगेन.

'पन्नास जणांना गुण आला' असंही तिथे सांगतील. यात ते मुद्दाम खोटं बोलतातच असं नाही. कर्णनादाच्या चाचण्यांमध्ये खोटं इंजेक्शन घेतलेल्यांनाही बरं वाटल्याचं पुन्हा पुन्हा दिसलंय. अमेरिकेतल्या ओटोनॉमी कंपनीचं ओटीओ-313 हे कर्णनादाचं औषध याच कारणाने 2022 मध्ये पडलं, दोन्ही गटांना सारखंच बरं वाटलं होतं. म्हणून तुलनेचा गट नसेल तर पन्नास काय, पाचशेही मोजू नयेत.

मग तोवर काय करायचं? ओरोसच्या सरकारी रुग्णालयात किंवा तुमच्या सोयीने गोव्यात बांबोळीला कान-नाक-घशाच्या (ईएनटी) ओपीडीत जा. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. कधीकधी नुसता मळ असतो. रक्तदाब बघा, चालू असलेली औषधं सांगा. आवाज एकाच कानात असेल, नाडीबरोबर धडधडत असेल, किंवा एखाद्या दिवशी अचानक ऐकूच येईनासं झालं तर थांबू नका. अचानक गेलेलं ऐकणं ही तातडीची बाब आहे, पहिल्या काही दिवसांत स्टेरॉइड मिळालं तर परत येण्याची शक्यता जास्त असते. ऑडिओग्राममध्ये ऐकणं कमी निघालं तर कानाचं मशीन लावायला लाजू नका. आमच्याकडे तरुण माणसाच्या कानात मशीन दिसलं की लोक बघतात, हे खरंय. बघू देत.

झोपेसाठी: पूर्ण शांतता टाळा. पाऊस कौलांवर पडत असतो तेव्हा तुम्हाला बरी झोप लागत असणार, मला लागते. उघडीप असेल त्या रात्री पंखा किंवा मोबाईलवर पावसाचा आवाज बारीक लावून ठेवा, शिट्टी पुरती बुडवायची नाही, तिच्या जरा खालीच ठेवायचा. कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीने (तज्ज्ञाशी बोलून विचारांच्या नि वागण्याच्या सवयी बदलण्याच्या उपचाराने) आवाज जात नाही, पण त्याचा त्रास कमी होतो, आणि याचा पुरावा कुठल्याही गोळीपेक्षा भक्कम आहे. गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) आणि झिंकच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका. रात्री मनात फारच वाईट विचार यायला लागले तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. हे मी उगाच लिहीत नाही, या आवाजाने माणूस आतून किती थकतो ते मला ठाऊक आहे.

आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट: उद्या जो काही उपचार येईल तो उरलेल्या कानावरच होणार आहे. आधारपेशी, नसा, वाचलेल्या केसपेशी जितक्या शाबूत, तितकी संधी जास्त. इंजिनाशी उभं राहून हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज 85 डेसिबलच्या वर आहे असं धरा. 85 ला आठ तास चालतात, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, 100 ला जेमतेम 15 मिनिटं. बोटीवर कानात कापूस कोंबतात, त्याने जवळपास काही अडत नाही. फोमचे बोळे मिळतात, ते बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर-मागे ओढायचा, आत घालायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे. वरून इअरमफ. तेलाच्या हातांनी बोळे घालू नका, कान पिकतो.

नोकरी सोडू का, असंही शेवटी विचारलंत. लगेच नको. तांडेलाशी (बोटीच्या प्रमुखाशी) बोलून बघा, इंजिनाची पाळी दोघांत वाटून घेता आली तर तुमचा वेळ निम्मा होईल. 1 ऑगस्टला बोटी बाहेर पडायच्या आत ऑडिओमेट्री उरका आणि कागदावर तारीख आहे ना बघा, म्हणजे पुढच्या बंदीत पुन्हा तपासून दोन्ही रेघा शेजारी ठेवता येतील. खड्डा आणखी खोल गेला असेल, तर तेव्हा इंजिनावरून जाळ्यावर यायचं.