रिप्रेसर ‘दडपक’ नव्हे, ‘दमक’

प्रश्न असा: औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंवर लिहिताना ‘रिप्रेसर’ला, म्हणजे जनुकांचं काम रोखून धरणाऱ्या प्रथिनाला, ‘दडपक’ म्हणावं की ‘दमनकारी’? आणि डीएनएला इजा झाल्यावर जिवाणू देतात त्या ‘एसओएस प्रतिसादा’चं मराठी काय?

‘दडपक’ नकोच. दडपलेली गोष्ट एक तर चिरडतात, नाही तर लपवतात. इथे जनुकांचं यातलं काहीच होत नाही. ‘दमनकारी’चं बातम्यांनी पार वाटोळं केलंय. दमन म्हटलं की लाठीमार आणि अश्रुधूर! अहो, संस्कृतात ‘दम्’ म्हणजे वळण लावणं, माणसाळवणं. अजून जुंपायचा असलेला खोंड तो ‘दम्य’. लॅटिन ‘डोमारे’ आणि इंग्रजी ‘टेम’ ही त्याच मुळाची भावंडं. आपलं ‘दमणं’ही मी याच घरातलं मानतो: आधी वळणं, मग राबणं, मग थकणं. दिसेल तो ‘दम’ फारसीच्या पदरात टाकणारे कोशपंडित इथे साफ चुकतात. श्वास या अर्थाचा ‘दम’ फारसी, ‘दमा’ही फारसी, कबूल. पण श्वासातून ‘दमयंती’ कशी काढणार?

आता ई. कोलाय या जिवाणूमधलं लेक्स-ए हे रिप्रेसर प्रथिन बघा. ते सुमारे 40 जनुकांना वेसण घालून असतं. डीएनए तुटला की उघड्या पडलेल्या एकेरी धाग्यावर रेक-ए प्रथिनं ओळीनं चढतात. त्या माळेशी गाठ पडली की लेक्स-ए आपल्या 84व्या आणि 85व्या अमिनो आम्लांमधून स्वतःलाच तोडतं, आणि जनुकं मोकळी सुटतात. काही दुरुस्तीला लागतात, सुल-ए हे प्रथिन पेशीचं विभाजन थोपवून धरतं, आणि इजा फारच असेल तर चुका करत का होईना, डीएनएची नक्कल पुढे रेटणारं विकर (एन्झाइम) कामाला येतं. त्या चुकांतूनच एखादा जिवाणू औषधाला पुरून उरतो. सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या माऱ्यानं नेमकी हीच साखळी सुरू होते. 2005 साली उंदरांवरच्या प्रयोगात लेक्स-ए तुटू शकणार नाही असे जिवाणू वापरले, तर त्यांच्यात या औषधाला प्रतिकार उपजलाच नाही. चिरडून टाकलेलं पुन्हा असं उठत नाही. आवरून धरलेलंच सुटतं. म्हणून ‘दमक’.

रुग्णालयांना जेरीस आणणाऱ्या असिनेटोबॅक्टर बाउमानी या जिवाणूत तर लेक्स-ए नाहीच. तिथे उमू-डी घराण्यातलं एक प्रथिन डीडीआर-आर या दुसऱ्या प्रथिनाला हाताशी धरून काही जनुकं आवरतं. गंमत अशी, की ई. कोलायमध्ये उमू-डी स्वतःच लेक्स-एच्या धाकात असतं. तरी ‘दमक’ दोन्हीकडे चालतो.

राहिला ‘एसओएस’. तो आहे तसाच ठेवा, फक्त ‘सेव्ह अवर सोल्स’ असा विस्तार करू नका. 1906च्या बर्लिनमधल्या बिनतारी तारायंत्र परिषदेनं मोर्स लिपीतली तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं ही ओळखायला सोपी खूण घेतली. तो अर्थ मागाहून चिकटवलाय. ‘संकटसंदेश’ही नको. हा जिवाणू मदतीसाठी कुणालाच हाक मारत नसतो, आतल्या आत स्वतःचीच डागडुजी करत असतो.