पानातली रसायने दर वेळी वेगळी का दिसतात?

प्रश्न : एकाच झाडाची पाने एलसी-एमएसवर (मिश्रणातली रसायने वेगळी करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर) तपासली, तरी निकाल जुळत नाहीत. चूक कुठे होत असेल?

उत्तर : बहुधा यंत्राच्या आधीच. पान तोडताच त्यातली एन्झाइम्स संयुगे मोडू लागतात. म्हणून पान लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा आणि वितळू न देता कुटा. अर्क काढायला १०० मिलिग्रॅम भुकटीला १ मिलिलिटर थंडगार ८० टक्के मिथेनॉल पुरते. मेणासारखे स्निग्ध पदार्थ मात्र त्यात नीट उतरत नाहीत. पानाचे वय आणि तोडण्याची वेळ सारखीच ठेवा, याकडे हमखास दुर्लक्ष होते. सगळ्या अर्कांचे थोडेथोडे मिश्रण करून ते दर ८-१० नमुन्यांनंतर चालवा. त्याचीच शिखरे (आलेखात प्रत्येक रसायनाचा दिसणारा उंचवटा) सरकली, तर दोष यंत्राचा. नुसत्या मिथेनॉलचा, पान नसलेला कोरा नमुनाही हवाच. नळ्यांच्या प्लास्टिकमधून उतरलेली रसायने त्यातच पकडली जातात.